थोरल्याला आजार, धाकटीचे काय?

पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. ओपीडी आटोपत आली होती. केज तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आत आले. दोघांनाही मी ओळखत होतो. मुलीचा थोरला भाऊ गेली सहा वर्षे माझ्याकडे उपचार घेतो आहे. त्याला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया आहे. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) या खेपेला मुलगा सोबत नव्हता. वडिलांनी दार लोटून घेतले, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"सायब, पोरीची सोयरीक जमायलीय. पोरगं चांगलंय, आयटीआय झालंय, पुण्याला कंपनीत हाय. पण भावाच्या डोक्यावर परिणाम हाय म्हणून त्यांच्या कानावर गेलंय. आता म्हणायलेत, पोरीच्या मेंदूचा फोटू काढा अन् हिला होणार न्हाई असं डॉक्टरचं लिहून आणा. तेवढं लिहून द्या."

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती गप्प बसून होती. वडील पाणी प्यायला बाहेर गेले तसे तिने हळूच विचारले, "सर, महिनाभर झालं, वाचलेलं ध्यानात राहत नाही. दादाचंही आधी असंच झालं होतं. माझं सुरू झालं का?"

वाचकहो, बापाचा प्रश्न आणि लेकीचा प्रश्न वरवर वेगळे वाटतात. पण दोन्हींचे उत्तर एकाच संशोधनात दडले आहे, म्हणून आजचा लेख त्यावर.

आधी आजाराविषयी दोन शब्द. छिन्नमनस्कता म्हणजे एका माणसात दोन माणसे, असा समज सिनेमांनी करून दिला आहे. तो चुकीचा आहे. या आजारात माणसाला कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर टपले आहेत अशी खात्री वाटते, बोलण्यातला धागा तुटतो, आणि हळूहळू माणूस कामाधामातून, माणसांतून उठतो. साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. गरीब-श्रीमंत, शहर-खेडे, जात-धर्म यांतले कोणीही त्यातून सुटलेले नाही. मुलांमध्ये तो बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, मुलींमध्ये त्यानंतर काही वर्षांनी.

आजार घराण्यात चालतो हे लोकांनी डॉक्टरांच्या आधी ओळखले होते. पण 'चालतो' म्हणजे किती, हे कोणी मोजत नाही. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला आजार असेल तर दुसऱ्या भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात सुमारे नऊ ते दहा असते. आई किंवा वडील आजारी असतील तरी जवळपास तितकीच, किंवा थोडी अधिक. म्हणजे शंभरातल्या एकाऐवजी दहांना, हे खरे. आणि नव्वदांना होत नाही, हेही तितकेच खरे. सोयरीक मोडणाऱ्यांना फक्त पहिला आकडा दिसतो. हुबेहूब जुळ्या भावंडांची जनुके जवळजवळ अगदी सारखी असतात. तरीही त्यांतल्या एकाला आजार झाला तर दुसऱ्याला तो साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी वेळाच होतो. सगळा दोष जनुकांचाच असता तर दर वेळी झाला असता. उलट बाजूने पाहा. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या जवळच्या नात्यात कोणालाच हा आजार नसतो, आणि जगभरचा अनुभव तोच आहे. म्हणून 'आमच्या घराण्यात नाही' असे छाती ठोकून सांगणाऱ्या वरपक्षालाही कोणी हमी देऊ शकत नाही.

मग घराण्यातून उतरते ते नेमके काय? आजारच उतरत असता तर एक तो असतो किंवा नसतो. पण उतरते ती मेंदूच्या कामाची एक ढब असावी, असा संशय शास्त्रज्ञांना फार दिवसांपासून होता. तो तपासण्यासाठी त्यांनी रुग्ण बाजूला ठेवून रुग्णांच्या धडधाकट भावंडांकडे पाहिले. कसोटी म्हणून स्मरणशक्तीचा एक खेळ निवडला.

हा खेळ घरी करून पाहता येईल. कोणाला तरी सावकाश एकेक आकडा म्हणायला सांगा: ७, ३, ५, ३, ८, ५, ८. तुम्ही प्रत्येक आकडा ऐकताना दोन घरे मागचा आकडा आठवायचा, आणि दोन्ही सारखे असले की टाळी वाजवायची. वरच्या ओळीत दुसऱ्यांदा आलेल्या ३ ला आणि शेवटच्या ८ ला टाळी वाजली पाहिजे. कागदावर पाहताना हे सोपे वाटते. ऐकताना घाम फुटतो, कारण नवा आकडा डोक्यात घ्यायचा, मागचे दोन धरून ठेवायचे, त्याआधीचा टाकून द्यायचा, आणि हे सारे थांबल्याशिवाय. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाची यादी ऐकता ऐकता बेरीज करतो, मध्येच पोराला तेलाचा डबा आणायला सांगतो आणि तरी बेरीज चुकत नाही, ती हीच शक्ती. तिला कार्यस्मृती म्हणतात. लहानपणी पाठ केलेले पाढे किंवा लग्नाची तारीख ही वेगळी स्मृती. कार्यस्मृती म्हणजे हातात घेतलेले काम संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवण्याची जागा. या कामात कपाळाच्या मागे, थोडा वर आणि बाजूला असलेला मेंदूचा भाग फार राबतो.

तो किती राबतो हे कवटी न उघडता मोजता येऊ लागले ते गेल्या काही दशकांत. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, प्राणवायूने भरलेले रक्त तिथे जास्त येते. या रक्ताचे चुंबकीय गुण थोडे वेगळे असतात आणि मोठ्या चुंबकाच्या यंत्राने तो फरक टिपता येतो, हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये अमेरिकेत काम करताना दाखवले. या तपासणीला एफएमआरआय म्हणतात. आपण डोकेदुखीसाठी किंवा अपघातानंतर काढतो तो साधा एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो, म्हणजे घर कसे बांधले आहे ते. एफएमआरआय त्या घरात कोणत्या खोलीत किती दिवा जळतो आहे ते दाखवतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. जोसेफ कॅलिकॉट, डॉ. डॅनियल वाइनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या निरोगी भावंडांना या यंत्रात झोपवून असाच आकड्यांचा खेळ खेळायला दिला. त्याचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांनी खेळ इतर निरोगी माणसांइतकाच चांगला खेळला. पण तेवढेच गुण मिळवण्यासाठी त्यांचा कपाळामागचा भाग इतरांपेक्षा जास्त राबताना दिसला. एका गटात दिसले ते योगायोग असू शकते, म्हणून त्यांनी दुसऱ्या गटावर पुन्हा तपासले. तिथेही तसेच आढळले.

हे समजायला मी ओपीडीत मांजरसुंब्याच्या घाटाचे उदाहरण देतो. दोन टेम्पो, दोन्हींत सारखाच माल. दोन्ही घाट चढून वर येतात, वेळही सारखाच लागतो. पण एकाला खालचा गिअर टाकावा लागतो, इंजिन जास्त तापते, डिझेल जास्त जळते. वर उभ्या असलेल्या माणसाला काहीच फरक दिसत नाही. फरक फक्त बॉनेट उघडून पाहणाऱ्याला कळतो. आजारी माणसाच्या मेंदूचे याच्या पुढचे आहे. हलक्या कामाला त्याचे इंजिन गरजेपेक्षा जास्त ओरडते, आणि भार वाढला की चढावरच बंद पडते. भावंड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, पण ते घाट चढून जाते. माझ्या दृष्टीने या संशोधनातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वारसा आला तो इंजिनाच्या चालीचा, गाडी बंद पडण्याचा नव्हे.

यानंतर जनुकांचा शोध आला, आणि त्यात धडाही मिळाला. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा निचरा करणारे एक जनुक आहे. त्याचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांचा कपाळामागचा भाग याच खेळात जास्त राबतो, असे २००१ मध्ये याच संस्थेतल्या संशोधकांनी मांडले. त्या वेळी 'वेडाचे जनुक सापडले' असे मथळे सजवायला वर्तमानपत्रांना वाव होता. (आपल्याच जातभाईंविषयी लिहितो आहे, राग नसावा.) पुढे हजारो रुग्णांचे रक्त तपासले गेले तेव्हा त्या एकट्या जनुकाचा आजाराशी म्हणावा तसा संबंध टिकला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ इतर माणसांची तुलना झाली, आणि आजाराशी नाते असलेल्या २८७ जागा गुणसूत्रांवर मिळाल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ. थेंबे थेंबे तळे साचे, तशातला हा प्रकार. त्यांतले काही थेंब तुमच्यात, माझ्यात, नवऱ्या मुलाच्या आईतही आहेत.

आता हे थेंब मोजून माणसाचा 'जोखीम-आकडा' काढता येतो. २०१३ च्या सुमारास संशोधकांनी हा आकडा आणि स्मरणाच्या खेळातली मेंदूची मेहनत यांची सांगड घातली, आणि आकडा जास्त असलेल्यांत कपाळामागची मेहनत जास्त दिसली. मात्र सगळ्याच अभ्यासांत एकसारखे चित्र आलेले नाही. काहींत मेहनत कमी दिसली, काहींत फरक फारच बारीक निघाला. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेले आहेत, आपल्या लोकांना ते नीट लागू पडत नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत, एकाच घरात अनेकांना मानसिक आजार आहेत अशा भारतीय कुटुंबांचा अभ्यास चालतो, तो याचसाठी महत्त्वाचा आहे.

आता बापाच्या कोऱ्या कागदाकडे येऊ. मी त्यांना सांगितले, "असा फोटो निघत नाही." हे सारे फरक माणसांच्या गटांच्या सरासरीत दिसतात. एका मुलीला यंत्रात झोपवून 'होणार' किंवा 'होणार नाही' सांगणारा डॉक्टर जगात कुठेही नाही. रक्ताची चाचणीही नाही. पैसे घेऊन मेंदूचा किंवा जनुकांचा असा दाखला देणारा कोणी भेटला तर सरळ उठून यावे. आणि असा दाखला मागायचाच असेल तर नवऱ्या मुलाचाही मागावा लागेल. हे ऐकून वडील पहिल्यांदा हसले.

मुलीला तोच आकड्यांचा खेळ मी टेबलावर बोटाने टकटक करत घातला. तिने तो माझ्यापेक्षा चांगला केला. मग चौकशी केली. महिनाभर झोप चार तासांवर आलेली, दोन वेळा 'पाहून' गेलेली मंडळी, जेवण उडालेले, हिमोग्लोबिन नऊ. अशा अवस्थेत वाचलेले ध्यानात राहिले असते तर नवल. आवाज नाहीत, संशय नाही, मैत्रिणींत येणे-जाणे आहे, बोलणे धड आहे. तिला लोहाच्या गोळ्या आणि झोपेची वेळ लिहून दिली. विसरण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण मुलामुलींत चिंता, जागरण आणि रक्त कमी असणे हीच कारणे मला नेहमी सापडतात. भावाला आजार आहे म्हणून बहिणीच्या प्रत्येक विसराळूपणाकडे संशयाने पाहू नये.

खरी विस्मृती भावाची आहे, आणि तिच्याकडे घरात कोणाचे लक्ष नव्हते. गोळ्यांनी त्याचे आवाज थांबले, झोप आली. पण "जा, दुकानातून साखर, चहा, साबण आणि काडेपेटी आण" म्हटले की तो दोनच वस्तू घेऊन येतो. मोटार चालू करून पाणी द्यायला सांगितले तर मोटार चालू होते आणि दार फोडायचे राहते. घरचे म्हणतात आळशी, ऐतखाऊ. वाचकहो, हा आळस नाही. वर सांगितले तेच इंजिन चढावर बंद पडते आहे. आजच्या औषधांचा आवाज आणि संशय यांवर चांगला गुण येतो, कार्यस्मृतीवर फारसा येत नाही. त्यासाठी एका वेळी एकच काम सांगावे, चार वस्तू असतील तर चिठ्ठी द्यावी, कामाचा क्रम रोज तोच ठेवावा. स्मरणाचे ठरावीक व्यायाम सरावाने करून घेण्याची पद्धतही आहे. तिने काही रुग्णांना थोडाफार फायदा होतो, विशेषतः जोडीला खरे काम असेल तर. बापाने हे ऐकले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्या लई बोललो त्याला, सायब."

मामाच्या मुलीशी लग्न करावे का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. एकाच घराण्यातले दोघे एकत्र आले की काही आजारांचे, उदाहरणार्थ थॅलेसेमियाचे, भय वाढते. छिन्नमनस्कता एका जनुकाचा आजार नसल्याने हिशेब इतका सरळ नाही. पण ज्या घराण्यात हा आजार आहे त्याच घराण्यात पुन्हा नाते जोडणे टाळलेले बरे, असे मी सांगतो. आईवडील दोघांनाही आजार असेल तर मुलांना शंभरात चाळीसच्या पुढे शक्यता जाते, हे लक्षात असावे.

जनुके बदलता येत नाहीत, पण इतर काही गोष्टी हातात आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात राहिलेल्या मुलांना मोठेपणी हा आजार दुपटीने झाला. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बायांमध्ये पोटुशी बाई असते, फडात मोळ्या उचलते, अर्धपोटी राहते. तिचे जेवण आणि दवाखान्यातले बाळंतपण ही मेंदूच्या आरोग्याचीही गोष्ट आहे, हे मुकादमांना कोणी सांगावे? दुसरे, गांजा. ज्याच्या घरात हा आजार आहे त्या पोराने गांजाला हात लावू नये, 'भोळ्या शंकराचा प्रसाद' म्हणूनही नाही. तिसरे, उशीर. पोरगा महिनोन् महिने खोलीत बसतो, रात्री जागतो, स्वतःशी बोलतो, अभ्यासातून उठतो, अन्नात काही घातले म्हणतो, तर देवऋषी आणि अमावास्या यांत वर्ष घालवू नका. देवाला जायचे तर जरूर जा, जाताना वाटेत डॉक्टरला दाखवून जा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. नुसता सल्ला हवा असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भावाचा आजार असलेल्या बहिणीची सोयरीक मोडणारेच लोक कधी कधी आपल्या आजारी मुलाचे लग्न 'केले की ताळ्यावर येईल' म्हणून लपवून उरकतात. लग्नाने हा आजार बरा होत नाही, उलट दोन घरे बुडतात, आणि कायद्याने ती फसवणूक ठरू शकते. लपवायचे ते नको तिथे आणि लाजायचे ते नको त्याची, असे आमचे चालले आहे.

याबाबतीत एका मराठी माणसाची आठवण होते. मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ मध्ये पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही वाणींचा पुढाकार होता. त्यात अतुल कुलकर्णी आजारी भाऊ आणि सोनाली कुलकर्णी बहीण आहेत. आजारी माणसावर चित्रपट पुष्कळ निघाले, भावंडाच्या ओढाताणीकडे इतके लक्ष देणारे थोडे. मिळाला तर घरच्यांनी मिळून पाहावा.

असो. त्या कोऱ्या कागदावर मी दाखला लिहिला नाही. मुलाला घेऊन या म्हणालो. पंधरा दिवसांनी तो आला, आईला घेऊन. त्याला घाटाचे आणि टेम्पोचे उदाहरण सांगितले, नव्वद आणि दहाचा हिशेब सांगितला. आई पदराने तोंड पुसत होती. मुलाने एकच विचारले, "झालंच कधी तर औषध असतं ना?" असते, वेळेत सुरू केले तर बहुतेकांना चांगला गुण येतो, असे मी सांगितले. तो 'बरं' म्हणाला आणि चहा प्यायला बाहेर गेला.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे. वडिलांच्या मनात होते की त्या चार दिवसांत थोरल्याला मामाच्या गावी पाठवावे, म्हणजे चारचौघांत नको. मुलीने ऐकले नाही. कानपिळीला माझाच भाऊ उभा राहील, दुसरा कोणी नाही, म्हणाली. गेल्या आठवड्यात तो भाऊ गोळ्या न्यायला आला होता, चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणलेला. हळदीच्या रात्री जागरण होईल, तर रात्रीची गोळी किती वाजता घेऊ?

नऊलाच घे म्हणालो, आणि दहाला झोप. कानपिळी दुसऱ्या दिवशी आहे.